ठसा उमटत नाही, त्यात हाताचा काय दोष?

मागच्या अंकात ओघात एक वाक्य लिहून गेले, की सरकारी नोकरीतली माझी ३१ वर्षं लोकांच्या बोटांचे ठसे घेण्यात आणि भिंगाखाली ते ताडून पाहण्यात गेली. त्या एका वाक्यावर तेवीस पत्रं आली. कुणाला परदेशातल्या नोकरीसाठी ठसे द्यायचे आहेत, कुणाला परवान्यासाठी, कुणाला पोलिसांच्या दाखल्यासाठी, आणि जवळपास प्रत्येकाचं कुठे ना कुठे अडलं आहे. निवृत्तीनंतर मी कसबा पेठेत राहत्या घरीच, पुढच्या खोलीत, असे ठसे घेऊन देते, त्यामुळे या अडचणी रोजच्या पाहण्यातल्या आहेत. सगळी पत्रं इथे मावणार नाहीत. ज्यांचं उत्तर चार जणांच्या उपयोगी पडेल ती घेतली आहेत, नावं वगळून.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची आहे. एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात सात वर्षं नर्स आहे. अमेरिकेची नर्सिंगची परीक्षा पास झाले. तिथल्या एका राज्याच्या नर्सिंग बोर्डाने लायसन्ससाठी बोटांच्या ठशांचं कार्ड मागवलं. ठसे देऊन कुरियरने पाठवले. दोन महिन्यांनी उत्तर आलं, ठसे वाचता येत नाहीत, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवले, पुन्हा तेच उत्तर. आता रात्री झोप लागत नाही. त्यांना माझा संशय आला असेल का? माझ्या बोटांतच काही खोट आहे का? (वारजे)

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. आधी संशयाचं मनातून काढून टाक. कार्ड परत आलं याचा अर्थ इतकाच, की तिकडच्या यंत्राला त्यात पुरेशा रेघा सापडल्या नाहीत. तपासणी सुरूच झालेली नाही. तुझ्या नावापुढे कुणी बरंवाईट काहीही लिहिलेलं नाही.

बोटांत खोट नाही, कारण तुझ्या कामात आहे. अतिदक्षता विभागात एका पाळीत तू किती वेळा हात धुतेस ते एकदा मोज. प्रत्येक वेळी साबण नाहीतर सॅनिटायझर, वरून ग्लोव्ह्ज. कातडी कोरडी पडते आणि बोटांच्या टोकांवर ज्या बारीक उंच रेघा असतात त्यांना तडे जातात. कागदावर शाई उतरते ती या उंच रेघांवरची, मधल्या खाचा पांढऱ्या राहतात. रेघ झिजली की शाई खाचेतही भरते आणि ठशाच्या जागी नुसता काळा डाग पडतो. माझ्याकडे गवंडी येतात, धुणंभांडी करणाऱ्या बायका येतात, चुन्या-सिमेंटात हात घालणारे येतात आणि नर्सही येतात. सगळ्यांची अडचण एकच.

पण नक्षी पुसली जात नाही. ती वरच्या कातडीत नसतेच, खालच्या थरात असते. आईच्या पोटात सहा महिने पुरे होईपर्यंत ती कायमची ठरून गेलेली असते. वरची कातडी साधारण चार आठवड्यांत नवी होते आणि खालची तीच नक्षी घेऊन वर येते. म्हणून हे चार आठवडे तू स्वतःच्या हातांना दे. रोज रात्री बोटांना पेट्रोलियम जेली चोळायची आणि सुती हातमोजे घालून झोपायचं. घरातली भांडी दुसऱ्या कुणाला तरी घासू दे. या महिन्यात बोटांच्या टोकांना मेंदी लावू नकोस. ठशांच्या आधी चार-पाच दिवस रजा मिळाली तर फार बरं, नाहीतर निदान दोन साप्ताहिक सुट्ट्या जोडून घे. तारीखही विचार करून ठरव. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत ओठ फुटतात तसे ठसेही फुटतात. त्या दिवसांत दुपारची वेळ बरी. ठसे देण्याच्या दिवशी मात्र क्रीम नको, तेल नको. साध्या साबणाने हात धुवायचे आणि कोरडे पुसायचे.

आता घेणाऱ्याकडे बघ. दोन्ही वेळा तुझे ठसे घाईत आणि जोर लावून घेतले असावेत, असा माझा अंदाज आहे. नवशिक्याच्या हातून हीच चूक होते. ठसा फिका आला की तो आणखी शाई लावतो, आणखी दाबतो, आणि तिथेच ठसा मरतो. झिजलेल्या बोटाला शाई कमी लागते आणि दाब त्याहून कमी. मी काचेवर शाईचा अगदी छोटा ठिपका घेते आणि रोलर इतका फिरवते, की काचेखाली ठेवलेला कागद अंधूक दिसायला लागतो. मग बोट हातात घेऊन तळव्याकडून टोकाकडे दोन-चार वेळा हलकेच ओढते, दूध काढताना सडाला ओढ देतात तशी. त्याने टोकाला रक्त येतं आणि बसलेल्या रेघा थोड्या उठतात. एवढ्याने किती फरक पडतो ते पाहायचं तर एकाच बोटाचा आधीचा आणि नंतरचा ठसा शेजारी ठेवून बघावा.

माझं टेबल स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा चांगलं चार-पाच बोटं उंच आहे. हात कोपरातून सरळ पुढे यावा, खांदा उचलावा लागू नये, म्हणून. तुझं काम एकच, हात सैल सोडायचा. मी सांगते, खिडकीबाहेर बघा, बोटांकडे बघू नका. माणूस बोटांकडे बघायला लागला की नकळत मदत करतो आणि बोट घसरतं. अंगठा अंगाच्या दिशेने फिरवायचा, बाकीची चार बोटं अंगापासून दूर. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकदाच. मागे आणायचं नाही, नाहीतर रेघांवर रेघा बसतात. पहिल्या पेराची घडी थोडी तरी ठशात आली पाहिजे. वरच्या ओळीत उजव्या हाताची पाच बोटं, खालच्या ओळीत डाव्या हाताची, आणि सगळ्यांत खाली चार-चार बोटं एकत्र, न फिरवता, नुसती टेकवून. ही शेवटची ओळ लोकांना उगीचची वाटते, पण वरची बोटं बरोबर क्रमाने बरोबर चौकटीत आली आहेत की नाहीत, ते तिच्यावरूनच पडताळतात. एखादा ठसा बिघडला तर सगळं कार्ड फाडायचं कारण नाही. त्या चौकटीवर चिकटवायच्या कोऱ्या पट्ट्या मिळतात, एका चौकटीवर जास्तीत जास्त दोन चालतात.

ठसे चांगले असूनही कार्ड अडतं ते नावावरून. हे मी तुला मुद्दाम सांगते. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. तुझी पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा, असं असेल तर कार्डावर पासपोर्टचं नाव घाल आणि ‘इतर नावं’ म्हणून जी चौकट असते तिच्यात माहेरचं पूर्ण नाव लिही. ती चौकट रिकामी ठेवणाऱ्या मुली मी फार पाहिल्या. त्यांना वाटतं, दुसरं नाव लिहिलं तर काहीतरी लपवल्यासारखं दिसेल. खरं तर लिहिलं नाही तरच तसं दिसतं. जन्मतारखेत महिना आधी, दिवस नंतर. उंची फूट-इंचांत, वजन पौंडात. सही घरून करून आणायची नाही, ठसे घेणाऱ्यासमोर करायची.

कार्ड आठ इंच बाय आठ इंचांचं असतं. घडी घालायची नाही, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून पाठवायचं. बोर्डाने एक मागितलं असलं तरी एकाच बैठकीत दोन करून घे. काही बोर्डांना त्यांनीच पाठवलेलं कार्ड लागतं, काहींना कुठलंही प्रमाणित कार्ड चालतं, ते त्यांच्या पत्रात पुन्हा नीट वाच.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. अस्पष्ट म्हणून ठसे दोनदा परत आले, की नावावरून तपासणी करा अशी विनंती बोर्डाला एफबीआयकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेकडे, करता येते. ती तू नाही, बोर्डाने करायची असते आणि तिला मुदत असते. तेव्हा दोन्ही नकारांची पत्रं जोडून आजच बोर्डाला ई-मेल कर आणि हा मार्ग खुला आहे का ते विचार. तोपर्यंत हातांना जेली लावायला लाग.

प्रश्न : माझ्या मुलाला हिंजवडीत नोकरी लागली. कंपनीने पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं आहे. शेजारी सांगतात, पोलीस चौकीत दहाही बोटांचे ठसे घेतात आणि ते कायमचे गुन्हेगारांच्या यादीत जातात. आमच्या सात पिढ्यांत कुणी चौकीची पायरी चढलं नाही. नोकरी नको म्हणावं का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : काका, नोकरी अजिबात सोडायला लावू नका. शेजाऱ्यांनी दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली आहे.

इथल्या खासगी नोकरीला जी लागते ती चारित्र्य पडताळणी. अर्ज ऑनलाइन करायचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा, आणि मुलगा ज्या हद्दीत राहतो तिथले पोलीस त्याच्या नावावर काही नोंद आहे का ते पाहतात. त्यात शाई-काच काही नसतं. परदेशात नोकरीला जायचं असेल तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट कार्यालयाकडून घ्यायचं, त्याची फी ५०० रुपये. पासपोर्टच्या वेळी मुंढव्याच्या केंद्रात त्याने स्कॅनरच्या काचेवर बोटं ठेवली असतीलच. तेव्हा तुम्हाला भीती वाटली नाही, कारण तिथे पाटी पासपोर्टची होती.

गुन्हेगारांच्या नोंदीचा कायदा निराळा आहे. १९२० सालचा जुना कायदा जाऊन २०२२ साली नवा आला. शिक्षा झालेले, अटक झालेले, प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध केलेले, अशांचे ठसे त्याखाली घेतात. त्यांची नोंद ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे. नॅफिस नावाची जी देशपातळीवरची संगणक यंत्रणा आहे तिच्यात अशा प्रत्येकाला दहा आकडी क्रमांक मिळतो. नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला मागणारा तुमचा मुलगा यातल्या कुठल्याच वर्गात बसत नाही.

तुमची खरी बोच वेगळी आहे, असं पत्र वाचताना वाटलं. ठसा देणं म्हणजेच काहीतरी केलेलं असणं, ही ती बोच. म्हणून एक जुनी हकिकत सांगते. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याच्या खडीचा पुरवठा करायला त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी करार केला आणि उद्या याने हात वर करू नयेत म्हणून त्या कागदामागे त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. बोटांच्या ठशांच्या सरकारी वापराची गोष्ट इथून सुरू होते. पुढे १८७७ साली हुगळीत त्याने पेन्शन घेणाऱ्यांचे ठसे घेतले, म्हणजे मेलेल्याच्या नावावर दुसरा पैसे नेणार नाही. दस्तनोंदणीतही घेतले. कलकत्त्याला ठशांचं केंद्र निघालं ते १८९७ साली. ठशांच्या ज्या वर्गीकरणाला जगभर एडवर्ड हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याचं नाव आहे, त्याचं गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन माणसांनी बसवलं. लंडनच्या पोलिसांनी, म्हणजे स्कॉटलंड यार्डने, ती पद्धत घेतली १९०१ साली. म्हणजे चोर पकडायच्या आधी हा ठसा करार, पेन्शन आणि जमिनीच्या कागदांवर होता. आपल्या घरच्या जुन्या खरेदीखतावर ‘निशाणी डावा अंगठा’ असं लिहिलेलं असतं ना, आणि शेजारी जांभळा ठसा? तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी कुणाचा तरी असेल. ते चौकीची पायरी चढले नव्हते, पण ठसा त्यांनी दिलेला असणार.

ठसा चुकून दुसऱ्याशी जुळला तर, असंही तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलं आहे. चूक होऊ शकते आणि ती झालेली आहे. २००४ साली माद्रिदमध्ये रेल्वेत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा आहे असं एफबीआयच्या तज्ज्ञांनी सांगितलं. तो त्यांचा नव्हता, एफबीआयला माफी मागावी लागली. आमच्या पेशातल्या प्रत्येकाने ही घटना रोज आठवावी, असं मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगत असे. पण तो घटनास्थळावरचा एकच ठसा होता. काचेवर किंवा कार्डावर नीट बसून दिलेली दहा बोटं ही फार भक्कम गोष्ट असते. ती निरपराध माणसाच्या बाजूने साक्ष देते. सारख्या नावाचा दुसरा कुणी गुन्हेगार निघाला तर तुमच्या मुलाला त्याच्यापासून वेगळं काढतील ती त्याची बोटंच.

प्रश्न : ताई हे पत्र माझी मुलगी लिहून देते. मी आधी चार घरी धुणंभांडी करायचे, आता ठेकेदाराकडून एका ऑफिसात सफाईला लागले. हजेरीच्या मशिनवर माझा अंगठा लागत नाही. दहा वेळा ठेवते, लाल लाइट येतो. मागे लाइनीतली माणसं कावतात. मागच्या महिन्यात चार दिवसांची हजेरी लागलीच नाही आणि ठेकेदाराने पैसे कापले. सुपरवायझर म्हणतो, तुझ्या हाताचा प्रॉब्लेम आहे, आम्ही काय करणार. (बिबवेवाडी)

उत्तर : मावशी, तुमच्या हाताचा काहीही प्रॉब्लेम नाही. काम तुम्ही केलं आहे, मशिनने बघितलं नाही, एवढंच झालं आहे. केलेल्या कामाचे पैसे मशिनसाठी कापता येत नाहीत.

माझे वडील तांबट होते. तांबट आळीत पन्नास वर्षं त्यांनी हातोडा चालवला. तांब्याच्या हंड्यावर एकाला एक लागून ठोके मारत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. उजव्या हातात हातोडा आणि डाव्या हाताने भांडं सतत फिरवायचं. रेशनच्या दुकानात मशिन आलं तेव्हा त्यांचा अंगठा उमटेना. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी घरी येऊन पिशवी रिकामीच खुंटीला लावली आणि म्हणाले, “आता आपण आपले नाही राहिलो.” ठसे घेणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि माझ्या बापाचा ठसा उमटत नाही. त्या रात्री स्वयंपाकघरात फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यांना पाटावर बसवलं. काचेवर अगदी पातळ शाई घेतली. उजवा अंगठा ठेवला, राखाडी डाग. डावा अंगठा, त्याहून वाईट, कारण भांडं फिरायचं ते त्याच्यावरच. तर्जनी, मधलं बोट, तीच गत. पण डाव्या हाताची करंगळी टेकवली आणि कागदावर चक्र उमटलं. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत रेघ न् रेघ मोजून घ्यावी असं. हंड्याला ती कधी लागलीच नव्हती. मी त्यांच्या हातात भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे माझं?” दुसऱ्या दिवशी दुकानात करंगळी लावली, पहिल्याच वेळी हिरवा दिवा लागला.

हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की हजेरीच्या मशिनला अंगठाच लागतो असं नाही. सुपरवायझरला सांगा, माझी दुसरी दोन बोटं नोंदवा. घासणी धरताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट झिजतं. ज्या हाताने तुम्ही घासता त्याच्या दुसऱ्या हाताची अनामिका आणि करंगळी द्या. नोंदवताना घाई करू देऊ नका, कारण नोंदच वाईट झाली तर रोज लाल दिवा येणार. पाण्यात हात घालून लगेच बोट ठेवू नका, सुरकुतलेल्या बोटाचा ठसा लागत नाही, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. कोरड्या फडक्याने मशिनची काच पुसा, शंभर माणसांचा घाम तिच्यावर असतो. बोट फारच कोरडं वाटलं तर तळहातावर जरा चोळून ठेवा. इतकं करून नाहीच लागलं, तर चेहऱ्यावर चालणारं मशिन असतं, कार्ड असतं, काही नाही तर रजिस्टर असतं. यातलं एक त्यांनी द्यायलाच हवं.

कापलेल्या पैशांसाठी मुलीकडून एक साधा अर्ज लिहून घ्या. तारखा घाला, त्या दिवशी बरोबर काम करणाऱ्या दोघींची नावं घाला, आणि एक प्रत ठेकेदाराची सही घेऊन आपल्याकडे ठेवा. लाल दिवा आला की त्या क्षणी मशिनचा फोटो काढायला मुलीने शिकवावं, त्यात वेळही येतो. पंधरा दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर तो अर्ज घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जा. आणि एखाद्या रविवारी मुलीला घेऊन माझ्याकडे या. तुमचं कुठलं बोट चांगलं आहे ते पाच मिनिटांत शोधून देईन. पैसे नकोत.

प्रश्न : मी फिटर. पूर्वी तीन वर्षं सिंगापूरला होतो. आता दुसऱ्या देशात काम मिळतंय, त्यांना सिंगापूर पोलिसांचा दाखला हवा आहे आणि त्यासाठी ठसे. गेल्या वर्षी पॉवर प्रेसमध्ये उजव्या हाताच्या तर्जनीचं दीड पेर गेलं. कार्ड अपुरं म्हणून नाकारतील का? (भोसरी)

उत्तर : नाही नाकारणार. जे बोट नाही त्याची चौकट नुसती कोरी सोडायची नाही, एवढी काळजी घ्या. तिच्यात ‘ॲम्प्युटेटेड’ असं ठसे घेणाऱ्याने इंग्रजीत लिहायचं. बोटाचा काही भाग उरला असेल तर उरलेल्या भागाचा ठसा घ्यायचा आणि टोक तुटल्याचं लिहायचं. जखम ताजी असेल, पट्टी असेल, तर मात्र थांबा. पट्टी तात्पुरती असते आणि तात्पुरत्या कारणासाठी अपुरं कार्ड पाठवू नये. सिंगापूरला असताना तुमची दहाही बोटं घेतली असतील, तेव्हा अपघाताची तारीख असलेला रुग्णालयाचा कागद सोबत जोडला तर पुढची शंका मिटते. ठसे पोलिसांनीच घ्यायचे की बाहेरचा तज्ज्ञ चालेल, हे प्रत्येक देश आपल्या सूचनांत लिहितो. ते वाचल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका, मलासुद्धा.

प्रश्न : माझ्या पतींना (वय ५८) मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू आहेत. तळहात-तळपाय लाल झाले, कातडी सोलली. मुलीकडे जायच्या व्हिसासाठी बोटं स्कॅन करायला गेलो तर यंत्राने एकही बोट घेतलं नाही. तिथला मुलगा म्हणाला, असं कसं होईल? थोडे दिवस गोळ्या बंद ठेवाव्यात का? (औंध)

उत्तर : गोळ्या बंद करू नका. व्हिसा पुढच्या महिन्यातही मिळेल. औषधातला कुठलाही बदल फक्त त्यांचे डॉक्टर सांगतील तोच.

त्या मुलाने पाहिलं नसेल, पण असं होतं. या औषधाने हाता-पायांची कातडी लाल होऊन सोलवटते, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असलेलं आहे, आणि त्यात काही रुग्णांचे ठसे दिसेनासे होतात. याच गोळ्यांवर असलेल्या एका सिंगापूरच्या गृहस्थांना अमेरिकेच्या विमानतळावर चार तास थांबवून ठेवलं होतं, कारण त्यांच्या बोटांवर ठसेच नव्हते. त्यांच्या डॉक्टरांनी ते २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात छापलं. तुम्ही डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या. औषधाचं नाव, केव्हापासून चालू, हाता-पायांवरचा परिणाम, आणि त्यामुळे ठसे उमटत नाहीत हे स्पष्ट वाक्य. व्हिसा केंद्रात पुन्हा जाताना खुर्चीवर बसण्याआधीच ते दाखवा आणि वरिष्ठांना बोलवायला सांगा. प्रवासातही पत्राची प्रत हातातल्या पिशवीत असू द्या, चेक-इनच्या बॅगेत नको. त्यांना म्हणावं, औषध संपल्यावर कातडी भरून येते तसे ठसेही बहुतेकांचे परत येतात. त्यांची तब्येत कशी आहे ते मला जरूर कळवा.

प्रश्न : आम्ही जुळ्या बहिणी, दिसायला हुबेहूब. दोघी एकाच बँकेत नोकरीला लागतोय. आमचे ठसे एकमेकींच्या नावावर जाणार नाहीत ना? (तळेगाव)

उत्तर : नाही जाणार. एकाच गर्भातून झालेल्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. दोघींच्या बोटांवर चक्रं सारख्याच संख्येने असूही शकतील, पण रेघ कुठे फुटते, कुठे संपते, ते दोघींचं सारखं नसतं. आईच्या पोटात प्रत्येकीच्या बोटाला जे दाब-ताण मिळाले ते तिचे एकटीचे. घोळ झालाच तर अर्जाच्या कागदांत होईल, म्हणून फोटो आणि जन्मवेळेचे दाखले आपापल्या फायलीत ठेवा.

प्रश्न : शाईने ठसे दिले, हात काळे झाले. साबणाने जात नाही. (नारायण पेठ)

उत्तर : पाणी लावायच्या आधी कोरड्या कापसाने पुसा, मग खोबरेल तेल चोळा, पुन्हा पुसा, आणि शेवटी साबण. ही छापखान्याची तेलकट शाई आहे, तेलानेच सुटते. रॉकेल-पेट्रोल लावू नका, कातडी आणखी कोरडी पडते, आणि कार्ड परत आलं तर तीच बोटं पुन्हा द्यायची आहेत. नखाच्या कडेची शाई मात्र दोन दिवस राहते. घरात लग्नकार्य असेल तर ठसे ते उरकल्यावर द्या.